हैदराबाद–बेंगळुरूचं भाडं देणारा 'ट्रान्सपोर्टवाला'

लातूर, उदगीर, नांदेडच्या गाडीमालकांनो, हैदराबादहून बेंगळुरूचं भाडं फोनवरच ठरत असेल तर आधी हे वाचा. आमची गाडी याच रस्त्यावर फसली, आणि फसवायची ही पद्धत अजून चालू आहे.

लातूरची डाळ हैदराबादला उतरली की परतीचा माल लगेच मिळतोच असं नाही. रिकामी गाडी आणली तर डिझेल अंगावर पडतं. म्हणून आम्ही हैदराबादहून जडचर्ला, कर्नूल, अनंतपूर करत ४४ नंबरच्या हायवेनं बेंगळुरू, साधारण ५७० किलोमीटर, आणि तिथून सोलापूरकडचा माल असं ठरवलं. गाड्यांना माल मिळवून देणाऱ्या अ‍ॅपवर एक दलाल भेटला. भाडं बाजारापेक्षा जरा वरच. आरसी, इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, जे सगळेच मागतात.

तेच कागद दाखवून तो माल पाठवणाऱ्या पार्टीकडे गाडीमालक बनला. आमच्याशी बोलताना तो ट्रान्सपोर्टवाला, त्यांच्याशी बोलताना मालक! पार्टी खरी, माल खरा, बिल्टी (माल गाडीत भरल्याची पावती) खरी, ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर, नंबरही आमच्याच गाडीचा. मग संशय यावा तरी कशाचा? गाडी भरून निघाली तशी पार्टीनं भाड्याचा मोठा हिस्सा अ‍ॅडव्हान्स म्हणून त्याच्या खात्यात टाकला. आम्हाला मात्र तो सांगत राहिला, "अकाउंटवाले साहेब जेवायला गेलेत, जडचर्ल्यापर्यंत पैसे पडतील." गाडी कर्नूलला पोचेपर्यंत त्याचा फोन बंद.

ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे एवढ्या अंतराला तीन दिवस. वाटेत गाडी उभी करून भांडायला सवड नसते, हे या चोरांना पक्कं ठाऊक असतं. बेंगळुरूहून ड्रायव्हरचा फोन आला, "मालक, हे म्हणायलेत की अ‍ॅडव्हान्स कवाच दिलाय, उरलेलेच देतो." माल उतरवून घेणाऱ्यांकडे ट्रान्सफरची पावती होती. त्यांचं काही खोटं नव्हतं. माल उतरवून दिला. हातात आलं त्यात डिझेलसुद्धा निघालं नाही. आणि तिथल्या लोकांनी संशय घेतला तो ड्रायव्हरवर, याची चीड अजून जात नाही.

गाडी गेटबाहेर काढण्याआधी मालाच्या बिलावर छापलेल्या नंबरावर पार्टीला स्वतः फोन लावा. दलालानं दिलेला नंबर त्याच्याच माणसाचा असू शकतो. भाडं किती ठरलं आणि पैसे कुणाच्या नावावर जाणार, एवढंच विचारा. आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर तिथंच थांबा. आरसीचा फोटो पाठवताना त्यावर आडवं लिहा, 'पेमेंट फक्त मालकाच्या खात्यात', आणि खाली स्वतःचा खाते नंबर. बिल्टीवर अ‍ॅडव्हान्स किती, बाकी किती हे लिहून घ्या.

तरीही घात झालाच तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन करा. पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात. पैसे पार्टीच्या खात्यातून गेलेले असतात, म्हणून त्यांनाही त्याच तासात तक्रार करायला लावा.