दंडावरचा सेन्सर, धाकट्याचा फोन आणि पोह्यांनंतरची घेरी

आधी एक सांगून टाकते, मला मधुमेह नाही. होता. २०२१ च्या डिसेंबरात पुण्यात पोटाचा बायपास झाला आणि तो गेला. (आमच्या कराडात 'बायपास' म्हटलं की समोरचा आधी माझ्या छातीकडे बघतो. हार्टचा नव्हे हो, जठराचा.) ११७ किलोंवरून ७२ वर आले, गोळ्या सुटल्या, पतसंस्थेचा जिना मध्ये न थांबता चढायला लागले. म्हणजे दंडावर चिकटवायचा हा साखरेचा सेन्सर ज्यांच्यासाठी बनवलाय त्यांच्यातली मी नव्हेच. तरी गेल्या उन्हाळ्यात पदरचे पैसे घालून दोन लावले. माझ्यासारखा बायपास झालेल्या आणि जेवणानंतर दोन तासांनी हातपाय गळणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय.

ऑपरेशनला दीड वर्ष होईपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग एका सकाळी काउंटरवर पाचशेच्या नोटा मोजत होते. बासष्टनंतर तोंडातून 'एकेचाळीस' आलं. परत पहिल्यापासून मोजल्या, परत तेच. पाठीवरून दरदरून घाम, ओठ बधिर, आणि समोरच्या आजोबांचं पासबुक हातात धरून मी नुसती बघत बसलेली. "ताई, पाणी घ्या," ते म्हणाले. शिपाईमामांनी चहा आणला, तो प्यायले, दहा मिनिटांत बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात परत तसंच. तीन वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की घड्याळात दर वेळी पावणेअकराच्या आसपासची वेळ असते आणि घरून निघताना मी पोहे खाल्लेले असतात.

गावातल्या एका डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर बघितली: ८८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली: ५.२. "रिपोर्ट एकदम छान. पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका." यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. खड्डा पडायचा अकरा वाजता आणि आम्ही मोजत होतो सकाळी सातला! सरासरीचं तर विचारूच नका. दोनशेला चढून पन्नासला उतरलेल्या माणसाची सरासरी छानच येणार.

उलगडा झाला तो पुण्याला, ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बायपासमध्ये जठराची लिंबाएवढी पिशवी ठेवतात आणि ती सरळ लहान आतड्याला जोडतात. जठराच्या खालच्या टोकाला जे दार असतं, घास थोडा थोडा खाली सोडणारं, ते या वाटेत येतच नाही. त्यामुळे पोहे, भात, साखर धाडकन आतड्यात जातात आणि रक्तातली साखर उसळते. त्याच वेळी आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं, आणि ते इन्सुलिनला जोरात ढकलतं. साखर उतरते, पण इन्सुलिन अजून कामावर असतं, ते तिला आणखी खाली ओढतं. जेवणानंतर एक ते तीन तासांत हा सगळा खेळ होतो. आणि गंमत बघा, वजन कमी करण्याच्या ज्या इंजेक्शनांची हल्ली घरोघरी चर्चा आहे, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. आमच्याकडे अस्सल माल घरचाच, पण जरा जास्तच. हे ऑपरेशननंतर लगेच दिसत नाही, बहुतेकांना वर्ष उलटल्यावर सुरू होतं, असंही बाई म्हणाल्या. याला म्हणतात 'पोस्ट-बॅरिॲट्रिक हायपोग्लायसेमिया', म्हणजे वजनाच्या ऑपरेशननंतर साखर पडणं. मला रडूच आलं. रोग आहे म्हणून नव्हे, त्याला नाव आहे म्हणून.

त्यांनीच सेन्सर लावून बघा म्हटलं. साखर पाजून रक्त तपासायची नेहमीची चाचणी आमच्यासारख्यांना करत नाहीत म्हणे, तिनेच घेरी यायची.

आता वस्तूविषयी. दहाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला बसते. सोबतच्या ठोकणीने दाबली की केसासारखी अर्ध्या सेंटीमीटरची तार कातडीखाली जाते. दुखत नाही, टाचणी लागल्याइतकंही नाही. तासाभरात आकडे सुरू होतात आणि १४ दिवस चालतात. मला एक सुमारे साडेचार हजारांना पडला. विम्याने हात वर केले.

खोक्यावर ठळक लिहायला हवी होती अशी पहिली गोष्ट फोनची. चकतीजवळ फोन नेऊन स्कॅन करावं लागतं आणि त्यासाठी फोनमध्ये एनएफसी (फोन जवळ धरून माहिती वाचायची सोय) लागतं. माझ्या बारा हजारांच्या फोनमध्ये ते नाही. घरात ते फक्त धाकट्याच्या फोनमध्ये निघालं. शिवाय ज्या फोनवर सेन्सर सुरू केला त्याच फोनवर तो शेवटपर्यंत चालतो. म्हणजे बारावीची परीक्षा नुकतीच संपलेल्या पोराचा फोन मी १४ दिवस पतसंस्थेत घेऊन जाणार. त्या घरगुती वाटाघाटींचं वर्णन टाळते. विकत घेण्याआधी फोन तपासा, एवढंच.

दुसरी गोष्ट ब्लाउजची. हा सेन्सर ज्यांनी बनवला त्यांनी कधी ब्लाउज घातलेला नाही हे नक्की. बाहीची कड नेमकी चकतीवर येते. नवव्या दिवशी घाईत ब्लाउज काढताना सेन्सर टर्रकन निघून आला. पाच दिवसांचे पैसे पाण्यात. दुसऱ्या वेळी कोपरापर्यंत बाह्यांचे दोन जुने ब्लाउज बाहेर काढले आणि वरून औषधाच्या दुकानातली रुंद चिकटपट्टी लावली. एप्रिलच्या घामातही टिकला. घरात फिरताना गाऊन घालत असाल तर प्रश्नच नाही.

तिसरी तक्रार जरा मोठी आहे. माझ्या मॉडेलमध्ये गजर नव्हता. साखर पन्नासला गेली तरी हा गप्प. तुम्ही स्कॅन कराल तेव्हा सांगणार. आठ तासांत एकदा तरी स्कॅन केलं नाही तर मागचं पुसलं जातं. गजर असलेली मॉडेलं येतात, आणि ज्यांना कमी साखरेची जाणीवच होत नाही त्यांनी तीच घ्यावीत. मला अजून घाम फुटतो, हात थरथरतात, म्हणून चाललं.

आणि ऐन घेरीत यावर विसंबू नका. हा रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती काही मिनिटं मागे असते. एकदा मला कापरं भरलेलं आणि हा दाखवतोय ७८, शेजारी खाली जाणारा बाण. बोट टोचलं तर ५७. म्हणून जुना ग्लुकोमीटर पर्समध्ये हवाच. रात्रीचा उलटा प्रकार. पहाटे दोनला ४८ दिसले आणि घरात धावपळ उडाली. बोटातून ९१. मी डाव्या कुशीवर, सेन्सर दाबून झोपले होते, त्याचे ते आकडे. हे कळणं महत्त्वाचं होतं, कारण उपाशीपोटी खरंच साखर पडत असेल तर कारण वेगळं असू शकतं आणि त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एवढं वाचून वाटेल की पैसे वाया गेले. नाही. याची खरी कमाई आलेखात आहे.

पहिल्याच दिवशी मुद्दाम पोहे केले, नेहमीसारखे, वर शेव, सोबत साखरेचा चहा. खाण्याआधी ९८. पाऊण तासात २१४. पावणेदोन तासांनी ५१. पडद्यावर असा सुळका, की धाकटा म्हणाला, "आई, हा तर लिंगाणा." दीड वर्ष मी जे लोकांना सांगत होते आणि ज्याला सगळे टेन्शन म्हणत होते, ते तिथे रेघेत काढलेलं होतं. मला तोवर फक्त उताराची माहिती होती. त्याआधी एवढी चढण असते हे ठाऊक नव्हतं. उतार टाळायचा तर चढण छाटावी लागते, हे मला आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं होतंच, पण पटलं ते त्या सुळक्याने.

मग मी एकेक पदार्थ परीक्षेला बसवला. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी सगळ्यात वाईट निघाली: २३८ आणि तिथून ४६. उपवास म्हणून आपण जे खातो ते माझ्यासाठी उपवासाचं नाही, चंद्रोदयापर्यंत आडवं पाडायचं औषध आहे. पुढच्या संकष्टीला दाण्याची आमटी आणि थोडी वरी घेतली. वरीही चढवते, पण आमटी आधी पोटात गेली तर निम्मीच. हा क्रमाचा मुद्दा मला सेन्सरनेच शिकवला. तीच अर्धी ज्वारीची भाकरी, तीच मटकीची उसळ. भाकरीने सुरुवात केली तर १७६ पर्यंत. आधी उसळ संपवून मग भाकरी, तर १४१ आणि खाली ८४ ला थांबली. जेवताना पाणी किंवा ताक न पिता अर्ध्या तासाने प्यायलं की आणखी सपाट.

सगळ्यात मोठा धडा उसाच्या रसाचा. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं. घेरी आली की कुणीही धावत जाऊन रस आणतो. एका दुपारी ५४ होते, प्रेमाने दिलेला मोठा ग्लास प्यायले. २३१, आणि दोन तासांनी ४९. एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात. "साखर कमी होते ना, मग खा की साखर," असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो आलेख दाखवते.

तो आलेख बघूनच डॉक्टरांनी अकार्बोजची छोटी गोळी सुरू केली, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. ती पिठूळ पदार्थांचं पचन हळू करते. पोटात वायू धरतो, काउंटरवर बसणाऱ्या बाईला ते जड जातं, पण सुळक्याची टेकडी झाली. मात्र ही गोळी चालू असताना साधी साखर, गूळ, पेढा घेरीत पटकन उपयोगी पडत नाही, कारण गोळी त्यांचंही विघटन अडवते. शुद्ध ग्लुकोज लागतं, डब्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं बघून घ्या. ग्लुकोजची बिस्किटं नावालाच ग्लुकोजची. आमच्याकडे सोनेतारणाचा काटा आहे, त्यावर मी १५ ग्रॅमच्या पुड्या बांधून घेतल्या. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "कोणाचं तारण?" घेरी आली की एक पुडी, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचायचं, आणि सावरल्यावर मूठभर दाणे किंवा उकडलेलं अंडं, म्हणजे दुसरा खड्डा पडत नाही. स्कूटीला किल्ली लावण्याआधीही बोट टोचतेच.

सेन्सरसोबतचं ॲप हे सगळं समजायला अगदीच भोळं आहे. त्याच्या लेखी मी आदर्श पेशंट. '७० ते १८० मध्ये ९१ टक्के वेळ', हिरवीगार पट्टी, शाबासकी. उरलेल्या ९ टक्क्यांत मी नोटा चुकते, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे त्याच्या सारांशावर जाऊ नका, रोजचा आलेख उघडा आणि शेजारी वहीत काय खाल्लं, किती वाजता, कोणत्या क्रमाने, हे लिहा. वही नसेल तर सेन्सर घेऊच नका.

कायम लावून ठेवायची ही वस्तू नाही, माझ्या पगारात तर नाहीच. पाठोपाठ दोन लावले तर नेहमीचं जवळजवळ सगळं खाणं तपासून होतं. पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण ब्लाउजचा कापला, अर्धा गजराचा.

तिसरा एक दिवाळीच्या तोंडावर घ्यायचा विचार आहे. चकली आणि चिवड्याचा मला अंदाज आहे, अनारशाचा नाही. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.