‘नागली संपली’ असे सांगणारे दुकान

नाशिकच्या बसस्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्याला, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील महिला बचत गटांनी मिळून चालवलेले धान्याचे लहानसे दुकान आहे. गेले सव्वा वर्ष आमच्या घरची नागली, वरई, उडीद आणि खुरासणी (कारळे) तेथूनच येते. दुकानाचे नाव लिहिण्याचे मी टाळतो आहे, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी तेथे समक्ष सांगून झालो आहे.

आधी नागलीविषयी, कारण दुकानाची खरी ओळख तीच आहे. इतरत्र जिला नाचणी म्हणतात ती आमच्याकडे नागली. येथील दाणा बारीक आणि विटकरी रंगाचा असतो, आणि तो दळण्यापूर्वी हलका भाजून घेतल्यामुळे पिठाला जो खमंग वास येतो तो मॉलमधल्या चकचकीत पाकिटांना मी कधी अनुभवलेला नाही. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने आधणाच्या पाण्यात उकड काढून, ती कोमट असतानाच मळावी लागते. हे पीठ त्या मळणीत साथ देते आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. पहिल्या दोन पिशव्यांत मात्र दाताखाली कचकच लागली. नागली शेणाने सारवलेल्या खळ्यावर झोडपली जाते, तेथले बारीक खडे दाण्याएवढेच असतात आणि साध्या चाळणीने ते निघत नाहीत. तक्रार केल्यावर गल्ल्यावरच्या ताईंनी कारणे न देता पिशवी बदलून दिली, आणि दिवाळीनंतर आलेल्या नव्या मालात हा दोष जवळजवळ राहिला नाही.

भावाची चर्चा होतेच, म्हणून दुकानातील फळ्याचे कौतुक आधी करतो. नागली 80 रुपये किलो असे लिहून त्याखाली त्या 80 रुपयांची वाटणी खडूने मांडलेली असते: पिकवणाऱ्या घराला 56, सफाई, दळण आणि पिशवी यांना 12, वाहतूक आणि भाडे 8, गटाच्या निधीत 4. केंद्र सरकारने 2025-26 च्या खरिपासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये, म्हणजे किलोला 49 रुपयांहून किंचित कमी, असा जाहीर केला होता; पण डोंगरउतारावरील दीड-दोन पोत्यांसाठी खरेदी केंद्र गाठणे बहुतेकांना परवडत नाही आणि माल गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर त्याच्याच भावाने जातो. त्या दृष्टीने घरापर्यंत पोहोचणारे 56 रुपये ही या दुकानाची सर्वांत मोठी कामगिरी आहे. राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीत, रोपे तयार करायची, भर पावसात चिखलात त्यांची आवणी म्हणजे लावणी करायची, कणसे एकेक करून खुडायची आणि एवढे करून दिवाळी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचे, हे ज्या घरांचे वर्ष आहे त्यांना किलोमागे आठ-दहा रुपये जास्त मिळाले तर त्यातून निदान पुढच्या हंगामाचे उधार टळते.

तरीही मला या दुकानाचा सर्वांत महत्त्वाचा गुण दुसराच वाटतो. गेल्या एप्रिलच्या अखेरीस मी नागली घ्यायला गेलो तेव्हा दारावर ‘नागली संपली’ अशी पाटी होती. मी थोडा चिडून विचारले की गावात शिल्लक नाही का, तर ताई म्हणाल्या, “शिल्लक आहे, पण ती कणगीतली आहे, ती इकाया नाही.” गटांचा नियम असा की घरातील माणसांच्या हिशेबाने वर्षाची नागली आधी कणगीत, म्हणजे घरच्या धान्याच्या बांबूच्या मोठ्या टोपल्यात, बाजूला ठेवायची आणि उरेल तीच दुकानात द्यायची. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून शहरात नागलीला जी मागणी आली तिच्यातील धोका या बायकांनी नेमका ओळखला आहे. चांगला भाव मिळाला म्हणून घरची नागली विकायची आणि स्वतः रेशनच्या पांढऱ्या तांदळावर राहायचे, असे झाले तर पैसा येईल, पण पोषण शहराकडे जाईल. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम साधारण 350 मिलिग्रॅम असते आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास, एवढा फरक या अदलाबदलीत आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती, हे लक्षात घेतले की त्या पाटीचा राग येत नाही. शिवाय नागलीला सहसा कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. 1972 चा दुष्काळ आणि तेव्हा रेशनवर आलेला लाल मिलो (परदेशातून आणलेली तांबडी ज्वारी) ज्यांनी पाहिला आहे त्यांना भरलेल्या कणगीचे मोल पटवून द्यावे लागत नाही.

वरईबाबत एक सूचना. उपवासाला आपण जी भगर आणतो ती पांढरीशुभ्र असते. येथील वरई करडी दिसते, कारण तिचा कोंडा पूर्ण काढलेला नसतो. ती शिजायला वेळ घेते, वाटीला तीन वाट्या पाणी मागते आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडी भरड लागते, परंतु ताकाबरोबर मला तीच आवडू लागली आहे. पूर्वी ही वरई बायका पहाटे उठून उखळात कांडत असत. आता गटाने गावातच लहान यंत्र बसवले असल्याने भरडण्याची मजुरीही गावात राहते आणि कोंडा गुरांना मिळतो.

नागलीच्या पापडांविषयी फार लिहायला नको. ते उन्हाळ्यात येतात, आठवड्यात संपतात आणि भाजल्यावर दुप्पट फुलतात.

नाराजी आहे ती दर्शनी काचेतल्या बिस्किटांवर. पाकिटावर नागलीच्या कणसाचे मोठे चित्र आणि मागे बारीक अक्षरांत पहिला घटक मैदा, दुसरा साखर! ही बिस्किटे गट स्वतः करत नाहीत, बाहेरून घेतात, असे कळले. मग ती आपल्या मालाशेजारी मांडू तरी नयेत. दुकानात मिळणारे एक पत्रकही सुधारायला हवे. नागलीने मधुमेह बरा होतो, असे त्यात छापले आहे. हा दावा कोणत्याही धान्याने करू नये. नागलीत प्रथिने सातेक टक्केच असतात, त्यामुळे सोबत उडदाचे वरण, खुरासणीची चटणी किंवा एखादी रानभाजी हवी, आणि मोड आणून दळलेल्या पिठातील खनिजे शरीराला अधिक लागू पडतात, एवढे साधे सत्य त्या पत्रकात आले तर गिऱ्हाइकाचा अधिक फायदा होईल. पिठाच्या पिशवीवर दळणाची तारीख नसणे हीदेखील गंभीर उणीव आहे, विशेषतः पावसाळ्यात.

कोपऱ्यातील एका फळीवर घेवडा, वाल, दोडका यांच्या गावठी बियाण्यांच्या कागदी पुड्या असतात. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची जी बँक उभी केली आणि ज्या कामासाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याचे वळण या फळीला आहे. मी नेलेला वाल गच्चीतल्या कुंडीत चांगला आला, आणि ठरल्याप्रमाणे मूठभर बी परतही केले. येथे बियाण्याचे पैसे नाहीत, घेतले त्याच्या दुप्पट परत द्यायचे असते.

जाणाऱ्यांनी वेळ लक्षात ठेवावी. दुकान सकाळी अकराला उघडते आणि चारला बंद होते, कारण बसणाऱ्या ताईंना पाचच्या सुमारास पेठची बस गाठायची असते. रविवारी बंद. घरपोच सेवा नाही, कापडी पिशवी आपली न्यावी लागते. नवी नागली मार्गशीर्षात येईल, तिच्यासाठी वहीत नाव नोंदवून आलो. मी पाच किलो सांगितली होती; ताईंनी घरात माणसे किती ते विचारले आणि तीन लिहिली.