साखर उतरली आणि तिथेच विश्वास बसला

आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा फ्लेक्सखाली मोफत तपासणी शिबिर लागलं. माझे वडील अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. दहा-बारा वर्षांचा मधुमेह, औषध फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्या. मित्राबरोबर शिबिराला गेले आणि पावडरचे तीन डबे घेऊन आले. साडेअठरा हजार रुपये रोख दिले, आणि पावती म्हणून मिळाली कोऱ्या कागदावरची सही.

या लोकांची पद्धत ठरलेली असते, म्हणून ती नीट सांगते. शिबिरात आधी सगळ्यांना चहा-पोहे दिले. तासाभराने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. अण्णांची आली २३६. “गोळ्या खाऊनही एवढी? म्हणजे गोळ्या लागूच पडत नाहीत, उलट किडनी खाताहेत,” असं सांगून त्यांच्या गोळ्या बंद करायला लावल्या. पंधरा दिवसांनी फेरतपासणीला मात्र उपाशीपोटी बोलावलं. आकडा आला ११८, लगेच टाळ्या आणि फोटो. खाल्ल्यावर साखर चढते, रात्रभराच्या उपासानंतर ती कमीच असते. हे दोन आकडे शेजारी ठेवून औषधाचा गुण दाखवणं ही सरळसरळ लबाडी आहे. खरी तुलना करायची तर एचबीएवनसी ही रक्ततपासणी करायला हवी होती. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ती तपासणी मोजते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. सकाळी पोहे खाल्ले की नाही, याने त्यात फरक पडत नाही. शिबिरात ती कुणाचीच केली नाही.

पण लबाडी एवढ्यावर थांबली नव्हती. घरच्या ग्लुकोमीटरवरही साखर खरोखर उतरायला लागली होती, त्यामुळे आईचाही विश्वास बसला. आषाढी एकादशीला अण्णांनी सकाळी पावडर घेतली, दिवसभरात जेमतेम दोन केळी खाल्ली. रात्री आईने हाक मारली तर सदरा घामाने भिजलेला, हात थरथरताहेत, आणि ते तिलाच “तिकीट घेतलं का?” विचारताहेत. दवाखान्यात साखर भरली ४२. सत्तरच्या खाली गेली तरी ती कमी धरतात.

सलाइनमधून ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आले, पण दोन तासांत साखर पुन्हा घसरली. असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. डॉक्टरांनी विचारलं, “मेटफॉर्मिन तर बंद आहे, मग साखर पाडतंय कोण?” मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर इतकी पाडतही नाही. मी डबा समोर ठेवला. त्यावर ना घटकांची यादी, ना बॅच नंबर, ना उत्पादकाचा परवाना क्रमांक. ते म्हणाले, अशा पावडरींत अनेकदा ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी अॅलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली असते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवला असो वा नसो. वय झालं असेल, किडनी थोडी मंदावली असेल, तर ती शरीरातून लवकर जात नाही. म्हणजे ‘अॅलोपॅथी विष आहे’ म्हणणारेच ती चोरून खाऊ घालत होते, तेही मात्रा न सांगता. याचा मला आजही संताप येतो.

अण्णांनी नंतर सांगितलं की शिबिरात इन्सुलिनवरची एक लहान मुलगी आली होती आणि तिच्या आईबापांनाही ‘हळूहळू सोडा’ म्हणून सांगत होते. टाइप १ प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बंद केलं तर उलट्या, पोटदुखी, धाप लागणं सुरू होऊन जीव जाऊ शकतो. टाइप २, म्हणजे अण्णांसारख्या मधुमेहात काहींची साखर चांगलं वजन उतरवल्यावर औषधाशिवाय आटोक्यात राहते, हे खरं आहे. पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या चालू ठेवून. या अर्ध्या सत्यावरच यांचं दुकान चालतं. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो फ्लेक्सच मुळात बेकायदा होता.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली आहे, न उघडलेला डबा त्यांच्याकडे सोपवला आहे. शिबिरवाल्यांचे फोन बंद आहेत. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली.

तुमच्या घरात कुणी अशी पावडर घेत असेल तर ती थांबवा, डबा फेकू नका, डॉक्टरांकडे न्या. बंद केलेल्या गोळ्या कधी, किती सुरू करायच्या ते तेच सांगतील. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि सावध झाला तरी दवाखान्यात न्याच, कारण ती साखर पुन्हा उतरते.