वारांची फाईल, लाँगबुक आणि तारखेचा आकडा: पाचवीच्या वर्गात जूनपासून वापरून पाहिलेली मांडणी

जून 2025 मध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून माझं सगळं काम तीन साध्या वस्तूंवर चाललं आहे: खणांची प्लास्टिक फाईल, जाडजूड लाँगबुक आणि रंगीत चिकटपट्टी. आता दुसरं सत्र बरंच पुढे सरकलंय. टिकलं काय आणि गळून पडलं काय हे स्पष्ट दिसतंय, म्हणून सविस्तर लिहिते. पाचवी ते सातवीच्या शिक्षकांना उपयोग व्हावा, ही मनापासून इच्छा.

मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका आहे, शिवाय सहावीचं गणित माझ्याकडे आहे. शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरते. हे आधी सांगितलंच पाहिजे, कारण इंटरनेटवर शिक्षकांसाठी ज्या सुंदर कल्पना दिसतात, त्यांत वर्ग त्या एकट्या शिक्षकाचा असतो. भिंतीवर तक्ते, कोपऱ्यात टोपल्या, खिडकीखाली पुस्तकांची मांडणी. आपल्याकडे दुपारी मी वर्गात शिरते तेव्हा सकाळची नववी नुकतीच उठून गेलेली असते आणि फळ्यावर त्यांचं बीजगणित तसंच असतं. माझ्या हक्काची जागा म्हणजे शिक्षकखोलीतल्या लोखंडी कपाटातला एक कप्पा. तेव्हा मांडणी हवी ती काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर नेता येईल अशीच.

फाईल अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणली. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आत शिरलं की घाऊक स्टेशनरीची दुकानं लागतात, तिथे असल्या फाईली ढिगाने मिळतात. पहिल्या सहा खणांना मी विषयांची नावं न देता वारांची दिली, सोमवार ते शनिवार. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. विषयवार फाईलीत गणिताचा कागद गणितात सापडतो, पण तो बुधवारी दुसऱ्या तासाला लागणार आहे हे फाईल सांगत नाही. वारांच्या फाईलीत बुधवारचा खण उघडला की त्या दिवसाचं सगळं एका जागी असतं: अपूर्णांकांची कृतिपत्रिका, परिसर अभ्यासासाठी नकाशाच्या झेरॉक्स, पालकांना द्यायची चिठ्ठी. शनिवारी शाळा सुटल्यावर पुढच्या आठवड्याचे खण भरायचे आणि मगच घरी निघायचं, एवढा एकच नियम. मी रजेवर असले तर शेजारच्या वर्गाच्या बाई तो खण काढतात आणि तास पुढे चालतो, मला कुणाचा फोन येत नाही.

उरलेल्या खणांपैकी दोन विशेष कामाचे. एक ‘बदली तास’, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचा तास. त्यात कुठल्याही इयत्तेला चालेल असं काहीतरी कायम असतं: शब्दकोडी, वर्तमानपत्रातली कात्रणं, बेरीज-वजाबाकीचे चौकट-खेळ. माझ्या ऑफ म्हणजे रिकाम्या तासाला अचानक सातवीवर जायचं झालं तरी रिकाम्या हाताने जावं लागत नाही. दुसरा ‘कार्यालय’. आधारच्या झेरॉक्स, बँक पासबुकाचं पान, यूडायसच्या (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या) माहितीचे तक्ते अशी मुलांकडून येणारी कागदपत्रं हातात पडली की लगेच वर हजेरी क्रमांक टाकून इथे सारायची. पूर्वी ही कागदं टाचणवहीत, पुस्तकात, पर्सच्या कप्प्यात विखुरलेली असायची आणि शिपाईदादा मागायला आले की शोधाशोध व्हायची.

आता तक्रार. फाईलचं इलॅस्टिक दिवाळीच्या सुट्टीआधीच लोंबू लागलं आणि दोन खणांचे खालचे जोड उसवले. जुलैच्या दमट हवेत झेरॉक्स मऊ पडून एकमेकांना चिकटल्या, जेल पेनची शाई पसरली. ब्राऊन टेप लावून आणि महत्त्वाची कागदं झिपच्या पाऊचमध्ये घालून निभावलं. घेणार असाल तर कडेला कापडी पट्टी शिवलेली फाईल बघा. थोडी महाग पडते, पण मुंबईच्या पावसात प्लास्टिकचे नुसते चिकटवलेले जोड टिकत नाहीत.

लाँगबुकात समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा. डावीकडे तासिकांचा तक्ता, उजवीकडे कोरी जागा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावीपासून 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन धरलं आहे. शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास तयारीसह मोजले आहेत. वार्षिक नियोजन आपण या आकड्यांना धरून करतो आणि सगळे आठवडे गच्च भरून टाकतो. मी यंदा दर चौथा आठवडा कोरा ठेवला. त्या आठवड्यात नवा घटक घ्यायचाच नाही, मागे राहिलेलं पुरं करायचं आणि कच्च्या मुलांसोबत बसायचं.

ऑगस्टने या कोऱ्या आठवड्याची परीक्षा घेतली. 18 तारखेला मुसळधार पावसामुळे महापालिकेने दुपारच्या अधिवेशनाला सुट्टी जाहीर केली, 19 ला सगळ्याच शाळा बंद राहिल्या. 27 ला गणेश चतुर्थी आली. 18 ला सकाळच्या पाचवीचे तास झालेले आणि आमचे बुडालेले, त्यामुळे दोन तुकड्या एकाच नियोजनावर असूनही मागेपुढे झाल्या. पुढच्या कोऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना गाठलं, तेही शनिवारी जादा तास न घेता. क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी यांनीही असेच तास खाल्ले. उजव्या पानावर मी रोज एक ओळ लिहिते, आज ठरलेलं काय झालं नाही. पुढच्या जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना हीच पानं समोर ठेवणार आहे.

आता वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या नोंदी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या नोंदींवर माझा खरोखर विश्वास आहे. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पाचवी-सहावीला पहिल्या सत्रात आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 50 आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 50 अशी वाटणी असते. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं येतात. ‘दैनंदिन’ निरीक्षण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहिलं, तर प्रत्येक मुलासमोर ‘वाचनात गोडी आहे’ एवढंच उरतं आणि ते मूल त्यातून दिसत नाही.

म्हणून तारखेचा आकडा. तारीख 7 असेल तर ज्यांच्या हजेरी क्रमांकाच्या एकक स्थानी 7 आहे त्यांना त्या दिवशी निरखून पाहायचं: 7, 17, 27, 37. माझा पट 43 आहे, म्हणजे रोज चार-पाच मुलं. लाँगबुकच्या मागच्या भागात प्रत्येकाला एक पान दिलंय, तिथे एक-दोन ओळी लिहायच्या. 7, 17 आणि 27 या तारखा कधीच एका वारी येत नाहीत, त्यामुळे एखादी रविवारी गेली तरी तेच मूल सतत सुटत नाही.

एका मुलाच्या पानावरच्या ओळी सांगते. जुलै: ‘तोंडी भागाकार बरोबर, वहीत उभी मांडणी चुकते, हातचा घ्यायला विसरतो.’ पुढच्या खेपेला: ‘चौकटीच्या वहीत केलं तर चुकत नाही.’ सप्टेंबर: ‘शेजारच्याला चौकटीची युक्ती शिकवत होता.’ पालक सभेत मी हे पान त्याच्या आईसमोर ठेवलं. ‘बाई, इतकं बारीक बघता तुम्ही?’ म्हणून तिने पान पुन्हा वाचलं. नुसतं गुणपत्रक दिलं असतं तर ती बाकावर टेकलीही नसती.

वह्यांची पद्धत थोडक्यात. मुखपृष्ठाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठळक हजेरी क्रमांक आणि कण्यावर बाकांच्या रांगेप्रमाणे रंगीत चिकटपट्टी. सोमवारी लाल रांगेच्या वह्या, मंगळवारी हिरव्या, असं चालतं. मुलं तपासायच्या पानावर वही उघडी ठेवूनच एकावर एक रचतात, त्यामुळे पान शोधण्यात माझा वेळ जात नाही. गठ्ठा क्रमाने लावण्याचं काम मॉनिटरचं आहे. ‘बाई, सत्तावीसची वही नाही’ हे तिला माझ्याआधी कळतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना अशी जबाबदारी मनापासून आवडते आणि ती नीट पेलतातही. एक रांग ऑफ तासात तपासून होते, गठ्ठे लोकलच्या गर्दीतून घरी न्यावे लागत नाहीत.

एक नियोजनाचं ॲपही काही आठवडे वापरलं. आमच्या शाळेत वर्गात मोबाईल बाहेर काढायचा नाही, आणि ॲपमधलं शेवटी नोंदवहीत हाताने उतरवावं लागतं, त्यामुळे काम दुप्पट झालं आणि मी ते थांबवलं. गुणांसाठी मात्र गुगल शीट उत्तम. बेरजा, श्रेणी आपोआप येतात आणि निकालाच्या दिवसांतली आकडेमोड वाचते.

पर्यवेक्षक पाहतात ती पाठ टाचण वही शाळेच्या नमुन्यातच ठेवा, लाँगबुक तिची जागा घेऊ शकत नाही. 2023-24 पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आहे, तेव्हा मार्चमधला कोरा आठवडा कुणी मागितला तरी देऊ नका. पहिली-दुसरीला यातलं वह्यांचं गणित जमेलसं वाटत नाही, ती मुलं क्रमाने गठ्ठा लावू शकणार नाहीत. आणि वर्षाच्या अधेमधे सुरुवात करायची असेल तर फाईल विकत घ्यायची घाई नको. उद्याची तारीख पाहा, त्या आकड्याची मुलं कोण ते हजेरीपत्रकात बघा आणि कुठल्याही वहीत दोन ओळी लिहायला लागा.