गावच्या अभ्यासिकेतील रविवारचा चर्चावर्ग
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी चालणाऱ्या अभ्यासिकेचा रविवारचा चर्चावर्ग स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. येमेनमधील हुथी बंडखोरांच्या जहाजांवरील हल्ल्यांविरुद्ध अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात उभारलेल्या बहुराष्ट्रीय नौदल मोहिमेत भारताने सामील व्हावे का, हा विषय सरांनी दोन्ही बाजूंनी मांडला. जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली की जॉर्डन-इस्रायलकडून येणारे पोटॅश आणि युरोपला जाणारा माल या दोहोंचा वाहतूक खर्च वाढतो, आणि खताच्या भावाची झळ आमच्या कापूस उत्पादकाला लागू शकते. पण दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली उतरल्यास इराणशी असलेले संबंध आणि भारताने गुंतवणूक केलेले तिथले चाबहार बंदर यांचे काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. भारताने त्या मोहिमेबाहेर राहून अरबी समुद्रात आपल्या युद्धनौका स्वतंत्रपणे तैनात केल्या, आणि मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणले. हा निर्णय मला योग्य वाटतो. अमेरिका व इतर देशांसोबतच्या २००७ च्या मलबार नौदल सरावाला डाव्या पक्षांनी केलेला विरोध हा भाग मात्र सरांनी घाईने उरकला. भिंतीवरचा नकाशाही लहान आहे. मागच्या बाकावरून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी दिसत नाही. शुल्क वाजवी आहे आणि प्रश्नांना पुरेसा वेळ मिळतो.