बंद पाकीट, ब्रिक की सुट्या मिनी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर खेळायच्या कल्पनारम्य खेळातल्या रंगवलेल्या मिनी, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या आकृत्या, बऱ्याचदा बंद पाकिटातून विकल्या जातात. आत गॉब्लिन आहे की ड्रॅगन, ते फोडल्यावरच कळतं. विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या 2003 च्या ‘हार्बिंजर’ संचात पाकिटात आठ आकृत्या असत: चार कॉमन (सहज मिळणाऱ्या), तीन अनकॉमन (कमी मिळणाऱ्या), एक रेअर (दुर्मिळ). विझकिड्सच्या 2014 पासूनच्या ‘आयकॉन्स ऑफ द रिअल्म्स’मध्ये चार मिळू लागल्या.

एखादं पाकीट हौसेखातर घ्यायला हरकत नाही. पण पाकिटं फोडून संच पुरा करायचा म्हणाल, तर आधी हिशेब बघा. समजा संचात 24 रेअर आहेत आणि दर पाकिटात एक निघते. सगळ्या निघण्याची शक्यता सारखी धरली, तर चोवीसच्या चोवीस जमायला सरासरी नव्वदच्या आसपास पाकिटं लागतात. शेवटच्या दोन-तीनच सगळा खिसा रिकामा करतात.

ब्रिक म्हणजे आठ पाकिटं, चार ब्रिक मिळून केस. एकट्याने घेण्यात राम नाही. एका टेबलावर खेळणाऱ्या चौघांनी वर्गणी काढली तर जमतं. डुप्लिकेट गॉब्लिन डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हवेच असतात. मात्र मोठा राक्षस निघाला तर कोणाचा, हे फोडण्याआधीच ठरवा. नंतर वाद अटळ.

खेळण्यापुरत्याच मिनी हव्या असतील, तर माझं मत सरळ सुट्यांच्या बाजूने. केस फोडून विकणाऱ्यांना रेअरवर पैसे मिळतात, कॉमन ते स्वस्तात काढून टाकतात. आणि सहा सांगाडे, चार लांडगे असा ऐवज तर कॉमनमध्येच असतो. रेअर महाग पडते खरी, तरी ती पाकिटांत शोधत बसण्यापेक्षा परवडते. जुन्या डी अँड डी मिनी घेताना बेसच्या खालच्या बाजूचा फोटो मागा: गोल म्हणजे कॉमन, पत्त्यांतल्यासारखी चौकट अनकॉमन, तारा रेअर. वाकलेल्या तलवारीपायी सौदा मोडू नका. प्लास्टिक मऊ असतं; गरम पाण्यात थोडा वेळ बुडवायचं, बोटाने सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात धरायचं.

भारतात मागवताना टपालखर्च आणि कस्टम्स ड्युटी मिनीच्या किमतीच्या वर जाऊ शकते, त्यामुळे एकेक मागवण्यात अर्थ नाही. अमेरिकेहून कोणी येणार असेल तर सुट्या मिनी मोज्यांत गुंडाळूनही येतात. ब्रिकचं खोकं बॅगेत उगाच जागा अडवतं.

‘नोल्झर्स’च्या न रंगवलेल्या मिनी आत काय आहे ते दाखवूनच विकतात, पण रंग आणि ब्रशचा खर्च वेगळा धरा. आणि फक्त नकाशावरच्या चौकोनात कोण उभं आहे एवढंच दाखवायचं असेल, तर पायझो कंपनीच्या ‘बेस्टिअरी बॉक्स’सारख्या पेटीत पुठ्ठ्याचे शेकडो प्राणी एकदम मिळतात.