नाणं, फासा, चिंचोके की पिशवी? तिसरी-चौथीला ‘शक्यता’ कशाने शिकवावी

संभाव्यतेचा धडा आपल्याकडे दहावीच्या गणितात येतो. पण ‘पाऊस पडेलच’, ‘बहुतेक पडेल’, ‘शक्यच नाही’ हे तिसरीतलं पोर रोज बोलतं. सुरुवातीला तेवढं पुरतं. अडतं ते साधनापाशी.

नाणं खिशात असतंच, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. मी आता करत नाही. छापा नाहीतर काटा, निम्मं-निम्मं, विषय संपला. दोन नाणी घेतली की मात्र मुलं म्हणतात, दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, तिन्ही सारखंच. (हसू नका, फ्रेंच गणिती दालांबेर 1754 साली अशाच मोजणीत चुकला होता.) एक नाणं रुपयाचं, दुसरं पाचाचं घ्या. ‘एकेक’ दोन तऱ्हांनी येतं, हे डोळ्यांना दिसतं.

फासा लुडोमुळे ओळखीचा, आणि लुडोच आडवा येतो. ‘सहा लवकर पडतच नाही’ असं अख्खा वर्ग ठासून सांगतो. वाट फक्त सहाचीच पाहिलेली असते ना! चौथीला दोन फाशांच्या बेरजेवर घोड्यांची शर्यत लावावी. 1 ते 12 मधला आकडा ज्याचा त्याने निवडायचा. थोड्या वेळाने 1 घेतलेला ओरडतो, “बाई, माझा घोडा हलणारच नाही!” मग 7 सहा तऱ्हांनी पडतो आणि 12 एकाच, हे मुलंच शोधतात. फासे डब्याच्या झाकणात टाकायला लावा, नाहीतर तास बाकांखाली जातो.

फोडलेले चिंचोके फुकट. पांढरी बाजू किती वेळा वर येईल, ते बाईंनाही आधी ठाऊक नसतं. शंभरदा टाकायचे, ताळ्याच्या खुणा करायच्या. वेळ हाताशी असेल तरच.

माझा पहिला नंबर पिशवीला. तीन लाल बटणं, एक निळं. आधी दाखवायची, मग न बघता काढायचं, परत टाकायचं, वीसदा. त्यानंतरचा प्रश्न खरा: “निळं येणं शक्यच नाही, असं करून दाखव.” मूल निळं बटण उचलून बाहेर ठेवतं. शक्यता स्वतःच्या हाताने बदलणं नाण्यात नाही, फाशातही नाही. बटणं मात्र एकाच मापाची हवीत. माझ्याकडे एक कोटाचं बटण मिसळलं होतं. एक मुलगी चाचपून दर वेळी तेच काढायची.

एक घाई करू नका. चारात तीन लाल आणि आठात चार लाल अशा दोन पिशव्या ठेवल्या, तर मुलं दुसरीवर झडप घालतात, कारण तिच्यात लाल ‘जास्त’. अपूर्णांक होईपर्यंत ती दुसरी पिशवी मी कपाटातच ठेवते.